अंदाज साहेबांचा, तोटा रात्रपाळीचा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वाळूची प्रयोगशाळा सांभाळण्यात माझी नोकरी गेली. काम सगळं आकड्यांचं. वाळूत ओलावा किती, दाब किती सोसते, वायू किती पार होऊ देते, बेंटोनाइट किती जिवंत उरलंय. हल्ली हॉटेलांतल्या हॉलमध्ये व्यवस्थापकांना दिवसभर बसवून ‘मनाचा कौल ऐका, क्षणात निर्णय घ्या’ असं शिकवणारे वक्ते येतात. सांगलीतही येतात, साताऱ्यातही येतात. माझ्यासारख्या तराजूवाल्या बाईला त्यांचं काहीच पटणार नाही असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात निम्मं पटतं.

ते निम्मं पटतं ते आमच्या मोल्डिंगच्या मिस्त्रींमुळे. ओल्या वाळूच्या फौंड्रीत तीच वाळू फिरत राहते. ओतकाम झालं की पेट्या झाडायच्या, वाळू परत मिक्सरला, पाणी आणि बेंटोनाइट घालून पुन्हा साच्याला. मी सकाळी नमुना घ्यायची आणि ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला की सही करायची. मिस्त्री मिक्सरच्या तोंडाशी उभे राहून मूठभर वाळू उचलत, दाबत आणि मूठ उघडत. बोटांचे ठसे नीट उठलेत का, गोळा मधोमध मोडल्यावर कडा उभ्या राहतात की भुरभुरतात, तळहाताला काय चिकटलंय, एवढं ते बघत. माझा नमुना तराजूवर चढायच्या आत त्यांचं बघून झालेलं असे.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन म्हणाले, “मॅडम, वाळू तापलीय. ओतायला नको.” सकाळचा रिपोर्ट माझ्यासमोर होता आणि तो बरोबरच होता, पण सकाळच्या वाळूसाठी. दुपारपर्यंत तीच वाळू अनेकदा फिरून आलेली. गरम वाळू मिक्सरमध्ये पाणी पिते आणि साचा होईपर्यंत ते गमावते, मग साच्याच्या कडा सुटतात. हे कारण मिस्त्रींनी पुस्तकातल्या भाषेत सांगितलं नसतं. त्यांना तळहाताला लागलं, एवढंच. पण त्यांनी पुढे जे केलं ते प्रशिक्षणाच्या कुठल्याच स्लाइडवर मी पाहिलेलं नाही. त्यांनी लाइन थांबवली, वाळू पसरून गार करायला लावली आणि दोन पेट्या मुद्दाम त्याच तापल्या वाळूच्या भरून घेतल्या. त्यांवर खडूनं फुली मारून म्हणाले, “ह्या ओता. उद्या बघू, मी खरा का खोटा.” दुसऱ्या दिवशी फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करताना, एका कास्टिंगमध्ये कडेला वाळू सुटून खड्डे पडलेले निघाले, दुसरं ठणठणीत. मिस्त्री म्हणाले, “निम्मा खरा.” आणि कामाला लागले.

मानसशास्त्रात या विषयावर मोठा वाद झाला होता. गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलाचे प्रमुख क्षणात निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला होता आणि अनुभवी माणसाच्या अंतःप्रेरणेवर त्यांचा भरवसा होता. डॅनिएल काह्नेमन यांनी आयुष्यभर माणसाचे अंदाज कसे चुकतात हेच दाखवलं. दोघांनी मिळून 2009 साली एक लेख लिहिला आणि असहमत होण्यात आपण नापास झालो, असं त्याच्या उपशीर्षकातच कबूल करून टाकलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, ज्या कामात त्याच त्या खुणा नेमाने येतात आणि चूक झाली की लवकर व स्पष्ट कळते, तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा अंदाज धरावा. जिथे हे नाही, तिथे माणसाला कितीही खात्री वाटली तरी तिला किंमत नाही.

फौंड्रीत या दोन्ही अटी पुऱ्या होतात, कारण आज ओतलेलं उद्या फुटून समोर येतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यालाही होतात. खरेदीदार ढिगातलं हळकुंड उचलतो, मोडतो, गाभ्याचा रंग बघतो आणि बोली लावतो. पैसे त्याचे असतात. माल हलका निघाला तर तो त्याच्याच गोदामात पडून राहतो, आणि पुढच्या सौद्याला त्याचा हात आपोआप अधिक जपून चालतो.

आता मोठी माणसं. किर्लोस्करवाडीला वळसा घालून आमच्या भागात या विषयावर लिहिताच येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले. रंगांधळेपणामुळे ते सोडावं लागलं, मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीत डावललं गेल्यावर ती नोकरीही सोडली. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. बेळगावची जागा सोडायची पाळी आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं 32 एकर माळरान आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले. साल 1910. त्याच माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, तेव्हा मात्र दोन्ही एकाच संस्थानात होती.

राजाला माणूस एका नजरेत ओळखता आला, अशी ही गोष्ट भाषणांत सांगितली जाते. त्यातला एक तुकडा हटकून गळतो. लक्ष्मणराव त्या वेळी औंधात संस्थानचंच बांधकाम करत होते. राजानं त्यांचं काम उभं राहताना पाहिलेलं होतं. नजर होतीच, पण ती कामावर टेकलेली होती.

माळावर निवडुंग आणि साप. तिथे लक्ष्मणरावांनी जी माणसं गोळा केली, त्यांची निवड आजच्या कुठल्याही भरती विभागाला झेपली नसती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर यंत्रांची रचना करू लागले. शंभुअण्णा जांभेकर यंत्रांचे जादूगार म्हणून ओळखले जात. मंगेशराव रेगे हिशोब आणि कचेरी बघत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. पण त्या वसाहतीत लक्ष्मणराव स्वतः बायकामुलांसह राहत होते. पहारेकरी चुकीचा निघाला असता तर पहिली चोरी त्यांच्या घरी झाली असती. फळणीकरांचं यंत्र चाललं नसतं तर ते त्यांच्याच डोळ्यांदेखत बंद पडलं असतं. हा फरक माझ्या लेखी सगळ्यात मोठा आहे.

याच संस्थानात पुढे, 1939 च्या सुमाराला, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरचा त्या कल्पनेत मोठा वाटा होता. गंभीर गुन्ह्यांचे कैदी तिथे बिनभिंतीचे राहून शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा 1957 चा चित्रपट त्यावरूनच निघाला. आपल्याला त्यातला दयाळू जेलर आठवतो. मला त्यातली परीक्षा आवडते. पहाटे माणूस जागेवर आहे की नाही, एवढं बघायचं. दयेच्या कल्पनेला याहून कडक रोजचा हिशोब कोणी लावला असेल असं वाटत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांचंही असंच. ओगल्यांच्या काच कारखान्याचा आणि किर्लोस्करांच्या नांगरांचा विक्रेता म्हणून ते गावोगाव हिंडले होते, मग 1919 ला कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग. कुठल्या गावात काय मागायचं आणि कोणाच्या पोराला घेऊन यायचं हे त्यांना कसं कळत होतं, याचं उत्तर या फिरतीत बरंचसं सापडतं.

आता न पटणाऱ्या निम्म्याकडे येते. एका कारखान्यात (नाव घेत नाही) नवे साहेब आले. येऊन महिना व्हायच्या आत त्यांनी बेंटोनाइटचा पुरवठादार बदलला. का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “मला आतून वाटलं.” नवा माल वाईट नव्हता, पण त्याला पाणी वेगळं लागत होतं आणि मिक्सरवर ते कोणी बदललं नाही. नाकारलेल्या कास्टिंगचा ढीग रात्रपाळीला वाढला, कारण दिवसपाळीला जुना साठा अजून चालू होता. महिन्याच्या बैठकीत आकडे मांडले गेले ते पाळीनिहाय. बोलणी रात्रपाळीच्या सुपरवायझरनं खाल्ली, आणि त्याच बैठकीत साहेबांनी धाडसी निर्णयांवर दहा मिनिटं भाषण केलं. त्यांनी आयुष्यात वाळू मुठीत धरलेली नव्हती हा माझा आक्षेप नाही, सगळ्यांनीच धरावी असं थोडंच आहे. आक्षेप हा की त्यांच्या अंदाजाचं फळ त्यांच्यापर्यंत परत पोचायला रस्ताच नव्हता. असा साहेब वीस वर्षं निर्णय घेत राहिला तरी पहिल्या दिवशी होता तेवढाच अडाणी राहतो, फक्त आवाज चढतो.

भरतीत हे अधिकच नडतं. आमच्याकडे मुलाखतीत पहिला प्रश्न अजूनही “गाव कुठलं?” हा असतो. दुसरा, जरा घुटमळत, कोणापैकी. मग साहेब बाहेर येऊन म्हणतात, पोरगा चेहऱ्यावरूनच कळला. काय कळलं? गाव कळलं, आडनाव कळलं, बोलण्याची धाटणी आपल्यासारखी आहे हे कळलं. आणि ज्याला घेतलं नाही तो कसा निघाला असता, हे त्या साहेबाला कधीच कळणार नाही, कारण तो पोरगा बस धरून निघून गेलेला असतो. चुकलेलं कास्टिंग निदान ढिगात दिसतं तरी, नाकारलेला माणूस कुठेच दिसत नाही. इथे खात्री वर्षागणिक वाढत जाते आणि अक्कल आहे तिथेच राहते. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियमच होता. माणसं पारखण्याबद्दल ज्यांचं नाव घेतलं जातं, त्या लक्ष्मणरावांनी हा प्रश्न मनाच्या कौलावर सोडला नव्हता, हे त्यांच्या नावानं भाषणं करणाऱ्यांनी जरा ध्यानात घ्यावं.

बायकांबद्दलचा ‘आतला आवाज’ तर विचारूच नका. फौंड्रीत बाई टिकणार नाही असं किती जणांना आतून वाटलं होतं!

यावर कोणी म्हणेल, मग सगळंच मोजून करा, प्रत्येक निर्णयाला कमिटी बसवा. तेही मला नको आहे. वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये धरून कमिटीची वाट बघता येत नाही. ते गार होत चाललेलं असतं आणि उशीर झाला की साचा अर्धाच भरतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कुठलं सामान आधी वर चढवायचं हे दुकानादुकानात कोणीतरी एका वाक्यात ठरवलंच ना. झटपट निर्णय लागतात आणि ते घेणारी माणसंही लागतात. माझी मागणी एवढीच आहे की, घाईत ठरवलेल्या गोष्टीचा मागमूस राहावा.

कास्टिंगवर आम्ही हीट नंबर उठवतो. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून तुटलेला तुकडा परत आला तरी तो कुठल्या दिवशीच्या, कुठल्या भट्टीतल्या धातूचा, हे त्या आकड्यावरून सापडतं. साहेबांच्या मनाच्या कौलालाही असाच नंबर द्यावा. तारीख, काय ठरवलं, काय होईल असं वाटतंय आणि कधी बघायचं, एवढ्या चार ओळी एका वहीत, आधी लिहिलेल्या. वही साहेबांच्या कपाटात नको, ज्या पाळीवर परिणाम होणार तिच्या सुपरवायझरला वाचता येईल अशा जागी हवी. भरतीसाठी वेगळं पान, त्यात न घेतलेल्यांचीही नोंद. अधूनमधून एखादा नाकारलेला उमेदवार तीन महिन्यांच्या कामावर घेऊन बघावा, चिठ्ठी टाकून. तेवढ्याच वाटेनं साहेबाला स्वतःची नजर तपासता येईल.

ओळखीच्या एका कारखानदारांना मी हे सुचवलं. चांगले गृहस्थ आहेत, स्वतः लेथवर उभे राहून वर आलेले. ते म्हणाले, “लिहून ठेवायला लागलं तर निम्मे निर्णय मी घेणारच नाही, बाई.” मी म्हटलं, मग तेवढा तरी फायदा झाला. खरेदी खात्यापुरती वही त्यांनी सुरू केली आहे. भरतीचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात.