आधी साखरपाणी, मग फोटो

हिवाळा लागला की आमच्या सिअ‍ॅटलमध्ये दोन गोष्टींची रिपरिप सुरू होते. एक पावसाची आणि दुसरी हमिंगबर्डच्या फोटोंची. त्यात बर्फ पडला तर विचारूच नका! मागे पांढरंशुभ्र, पुढे गुलाबी चमकणारा गळा... फोटो सुंदर असतात, मीही काढते. पण त्यातले काही कसे काढले जातात ते पाहिलं की डोकं फिरतं. म्हणून आज जरा भांडायचा मूड आहे.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडी ओळख. आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीत. मावशी, तुझ्या जास्वंदीवर येतो तो शिंजीर. त्याचं कूळ वेगळं. इथे हिवाळाभर मुक्काम करतो तो अ‍ॅनाज हमिंगबर्ड. वजन साधारण ४ ग्रॅम, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढं. डिसेंबरात इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. एवढी लांब रात्र उपाशी काढायची! मग कडाक्याच्या थंडीत हा पठ्ठ्या शरीराची शेगडी मंद करतो. एरवी ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असणारं त्याचं तापमान अगदी ९ अंशांपर्यंत उतरू शकतं. पहाटे अंग पुन्हा तापवण्यात उरलीसुरली शिदोरीही संपत येते. त्यानंतरचा पहिला घोट किती मोलाचा असेल, विचार करा.

आणि नेमक्या त्या वेळी आमचे हौशी कलाकार काय करतात? फीडरवरची बसायची दांडी काढून टाकतात. का, तर पक्षी बसला की फोटो 'डेड' येतो, हवेत तरंगता हवा! एक सोडून बाकी भोकांना चिकटपट्टी लावतात, म्हणजे तोंड बरोबर कॅमेऱ्याकडे. एका जागी तरंगणं हा उडण्याचा सगळ्यात खर्चिक प्रकार आहे. उन्हाळ्यात, बाग फुललेली असताना हे एक वेळ चालून जाईल. पण शून्याखालच्या सकाळी जेवायला आलेल्याच्या खालचा पाट काढून घ्यायचा आणि उभ्या उभ्या जेव म्हणायचं, ही कुठली रीत? तरी एक जण मला म्हणालाच, "अगं, आपण खायला घालतोय ना!"

दुसरी बाजू तत्त्वज्ञांची. "निसर्गात ढवळाढवळ नको. खायला घातलं की ते स्थलांतर विसरतात." ऐकायला छान वाटतं. पण इथलाच रूफस हमिंगबर्ड बघा. फीडर भरलेले असले तरी उन्हाळा सरताना तो मेक्सिकोची वाट धरतोच. आणि अ‍ॅनाज मुळात कॅलिफोर्नियाकडचा. विसाव्या शतकात तो उत्तरेकडे पसरत गेला, त्यात माणसांनी लावलेल्या बागांचा आणि फीडरचा हात आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रोजेक्ट फीडरवॉचच्या नोंदींवरच्या अभ्यासातही हा संबंध दिसला. म्हणजे ढवळाढवळ कधीच करून झाली! पाहुण्याला हाक मारून बोलवायचं आणि थंडी पडली की निसर्गाकडे बोट दाखवायचं, हे मला पटत नाही.

मान्य, एक फीडर रिकामा राहिला म्हणून लगेच पक्षी मरत नाही. त्याचे आणखी चार ठिय्ये असतात, बारीक किडे आणि कोळीही तो खातो. पण सगळं गोठलेलं असताना ते चार ठिय्येही गोठलेलेच असतात. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस इथे पारा शून्याच्या बराच खाली गेला होता, तेव्हा साखरपाण्याचा अक्षरशः बर्फ होत होता.

करायचं फार नाही हो. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. मध नको, लवकर बुरशी धरतो. लाल रंग तर अजिबात नको, त्याची गरजच नाही. दर थोड्या दिवसांनी फीडर धुवायचा. रात्री घरात घ्यायचा आणि उजाडायच्या आधी बाहेर टांगायचा. फार थंडी असेल तर दोन फीडर ठेवायचे, एक आत एक बाहेर, आलटून पालटून. कॅमेरा लांब ठेवायचा, दांडी जागच्या जागी राहू द्यायची. हे झेपणार नसेल तर हिवाळ्यात फीडर टांगूच नका. त्यात काही कमीपणा नाही.

बसलेल्या पक्ष्याचा फोटो 'डेड' येतो म्हणे! माझ्याकडचे बहुतेक सगळे फोटो बसलेल्याचेच आहेत. पिसं फुलवून चेंडू झालेला, डोळे अर्धवट मिटलेला. मावशी, तुला पाठवते. फ्रेम करण्याइतका शार्प एकही नाही, तेवढं चालवून घे :)