वाट्यापाशी
मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्या लागून बांगड्यांचे वाटे मांडले गेले की, लालभडक कल्ल्यांच्या ताज्या मासळीखाली कालची मऊ पडलेली सारावी की नाही, हा प्रश्न विकणाऱ्या हाताला रोज नव्याने पडतो. आणि ज्याचे पहिले शिष्य गालीलच्या सरोवरावरील कोळी होते, त्या ख्रिस्ताचे अनुयायित्व प्रार्थनामंदिरापेक्षा अशा वाट्यापाशीच खरे पारखले जाते, अशी माझी दृढ श्रद्धा आहे. याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला खरा, परंतु त्यांच्या धर्माचरणाचा ताळेबंद मी मांडतो तो १९१७ च्या राजीनाम्यावरून. कारण मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही बंधू म्हणून जागा दिली.