कृतज्ञतेचा पुरुष कोणता?

२०२१ च्या पावसाळ्यात ऑनलाईन वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवीत होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एवढे सोसूनही या बाई हसू कशा शकतात?" प्रश्न वाङ्मयीन नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी तिचे वडील करोनाने गेले होते. मी लक्ष्मीबाई टिळकांच्या विनोदबुद्धीविषयी आणि निवेदनातील अलिप्ततेविषयी काही बोललो. ते चूक नव्हते, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते.

मराठी समीक्षेने 'स्मृतिचित्रे'चे कौतुक मनापासून केले आहे. मात्र हे कौतुक बहुधा भाषेशी आणि विनोदापाशी थांबते. लेखिकेची ख्रिस्तनिष्ठा आपण चरित्रातील तपशील म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो. मी स्वतः ख्रिस्ती नाही. तरीही मला असे वाटू लागले आहे की त्या हसण्याचे मूळ या निष्ठेला वगळून सापडणार नाही. धान्यापासून मिठापर्यंत सारे धुऊन घेणाऱ्या वडिलांचे सोवळे, १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर नशिबी आलेली ताटातूट, पुढे दुष्काळाचे आणि प्लेगचे दिवस, यांतले काहीही लक्ष्मीबाई लपवत नाहीत. पण हिशेब चुकता करण्यासाठीही त्या ते सांगत नाहीत. जे सोसले तेही आपल्याला मिळालेल्या आयुष्याचाच भाग होते, या जाणिवेतून त्या लिहितात. या जाणिवेला मी कृतज्ञता म्हणतो.

येथे एक आक्षेप रास्त आहे. दुःखाने पिचलेल्या माणसाला 'देवाचे आभार मान' असे सांगणे क्रूरपणाचे नाही का? निश्चितच आहे. पण तो द्वितीयपुरुषी आज्ञार्थ झाला. कृतज्ञता खरी असते ती प्रथमपुरुषी, एकवचनी. ती दुसऱ्याला फर्मावता येत नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेलाही हे ठाऊक असावे. तिच्यातील कितीतरी स्तोत्रे आक्रोशाची आहेत. बाविसावे स्तोत्र तर देवानेच टाकून दिल्याच्या तक्रारीने सुरू होते आणि स्तुतीपर्यंत पोहोचते. ती तक्रार कोणी खोडून काढलेली नाही. विठ्ठलाशी भांडणारा तुकाराम ज्यांच्या कानांत आहे, त्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. रेव्हरंड टिळकांना ख्रिस्ताकडे जाताना तुकारामाचा आधार वाटला, तो उगीच नव्हे.

आशेचेही तसेच. आशा म्हणजे 'सारे काही ठीक होईल' अशी समजूत नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावली, पुढे भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुलींना आणून केडगावच्या मुक्तिसदनात आसरा देणारी बाई ती हीच. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्या मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करीत होत्या. १९२१ साली मुलगी मनोरमा वारली, १९२२ साली त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण अनुवाद प्रसिद्ध झाला तो १९२४ साली. टिळकांचे 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले, पण ग्रंथरूपात पाहण्यास त्या राहिल्या नाहीत. आपल्या हाती न येणाऱ्या फळासाठी शांतपणे काम करीत राहणे, ही आशेची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही.

दुष्काळ ख्रिस्तनिष्ठेने टळला नाही, साथही टळली नाही. टळला तो कडवटपणा. श्रद्धा नसलेल्या माणसालाही येथे घेण्याजोगे काही आहे, असे मला वाटते. ते श्रद्धेवाचून किती काळ टिकेल, हा प्रश्न मात्र मी अजून सोडवू शकलेलो नाही.

त्या मुलीला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर एवढेच होते : त्या हसतात, कारण आधी त्या रडल्या आहेत आणि ते रडणे कोणीतरी ऐकले, असा त्यांचा विश्वास आहे. तुझे रडणे आधी होऊ दे. पुस्तक कोठे जात नाही.