पोलादाचा नायक आणि कुर्ल्याचे कामगार

किंग विडॉर यांचा ‘ॲन अमेरिकन रोमान्स’ हा चित्रपट १९४४ साली, महायुद्ध चालू असताना प्रदर्शित झाला. युरोपातून आलेला एक निर्धन स्थलांतरित रेल्वेभाड्याला पैसे नाहीत म्हणून पायी चालत मिनेसोटातील लोहखाणी गाठतो. खाणीतून पोलादाच्या भट्टीवर आणि तेथून मोटारींच्या धंद्यात जाऊन अखेर स्वतः कारखानदार होतो. खनिजाचे पोलाद आणि पोलादाचे यंत्र कसे होते, याचे त्यातील रंगीत चित्रण आजही पाहण्याजोगे आहे.

परंतु चित्रपटाची खरी कसोटी लागते ती संपाच्या प्रसंगी. कामगार संघटनेला मान्यता मागतात, तेव्हा एके काळी स्वतः फावडे चालवणारा हा नायक ती नाकारतो. त्याचा मुलगाच कामगारांची बाजू घेतो, संचालक मंडळ नायकाच्या विरुद्ध कौल देते आणि तो निवृत्त होतो. येथवर चित्रपट सत्याच्या उंबरठ्यापाशी येतो. मात्र तेथूनच तो माघारी वळतो. युद्धासाठी विमाने हवी असतात आणि ती घडवण्यासाठी पुन्हा त्याच एका पुरुषाला पाचारण केले जाते. उद्योग म्हणजे मालकाचे कर्तृत्व, हाच त्याचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष कितपत खरा? त्याच १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे कुर्ल्यात मोटारी तयार होऊ लागल्या. कुर्ल्यापासून घाटकोपर, भांडुप, मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात कारखान्यांची रांग उभी राहिली. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आणि दक्षिणेतून आलेल्या स्थलांतरितांनी ती चालवली. त्यांतील फार थोडे मालक झाले; बहुतेकांनी आयुष्यभर पाळ्या केल्या आणि चाळीतील वा झोपडीतील एका खोलीत मुले वाढवली.

याच कुर्ल्यात चित्रपटाच्या नेमकी उलट कथा घडली. कमानी ट्यूब्स हा तांबे व इतर धातूंच्या नळ्या बनवणारा कारखाना संस्थापकाच्या वारसांच्या भाऊबंदकीत मोडकळीस आला आणि १९८५ साली बंद पडला. येथे कोणी नायक परतला नाही. कमानी एम्प्लॉईज युनियनने कामगारांची सहकारी संस्था स्थापून कारखाना आपण चालवू, अशी योजना मांडली. औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाने ती मंजूर केली, १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले आणि १९८९ साली उत्पादन पुन्हा सुरू झाले. पुढे हा कारखाना पुन्हा अडचणीत आला, हे लपवण्याचे कारण नाही. खेळते भांडवल सहजी न मिळणाऱ्या सहकारी संस्थेला बाजारात टिकणे कठीण असते. परंतु मालकांनी सोडलेला कारखाना कामगार सुरू करू शकतात, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले.

आज हाच मार्ग अधिक बिकट झाला आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार आजारी कंपनीचे भवितव्य धनकोंची समिती ठरवते आणि तीत मुख्यतः बँका व वित्तसंस्थांना मत असते. कामगारांच्या थकलेल्या वेतनाला कायद्यात अग्रक्रम आहे. मात्र कारखाना चालावा की विकला जावा, या निर्णयात त्यांना सामान्यतः मतच नाही. ज्यांनी तीस-तीस वर्षे घाम गाळला त्यांचे स्थान केवळ येणेकऱ्यांच्या यादीत! जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या उपनगरांत याचा अर्थ काय होतो, हे लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे मॉल आणि टॉवर सांगतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत: धनकोंच्या समितीत कामगारांना मताधिकार मिळावा, आणि बंद कारखाना विकण्यापूर्वी तो चालवण्याची पहिली संधी कामगारांच्या सहकारी संस्थेला, आवश्यक कर्जपुरवठ्यासह, द्यावी. कर्जाविना दिलेली संधी ही थट्टाच ठरते, हा कमानीचा धडा विसरता येणार नाही.