मरफा ‘आपला नाही’ म्हणणाऱ्यांना

खमरिया, जबलपूर.

मागच्या लेखावर बऱ्याच जणांनी नर्मदेबद्दल आणखी लिहा म्हणून सांगितलं होतं. ते पुढच्या वेळी. आज डोकं जरा तापलंय, आणि ते तापलेलं असतानाच लिहून टाकतो.

इथे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या इस्टेटीत मराठी घरं पुष्कळ आहेत. फॅक्टरी 1942 ची, तेव्हा काहींची तिसरी पिढी इथे नोकरी करते. कार्यक्रम होतात, पोरं नाचतात, पुरणपोळी होते, डीएससीच्या आम्हा लोकांनाही बोलावणं येतं. अशाच एका कार्यक्रमाच्या तयारीच्या बैठकीत दोन गोष्टी पाच मिनिटांच्या अंतराने ठरल्या. एक, आठवीतल्या मुलींचा ‘अरेबियन डान्स’ ठेवायचा, चमचमती झालर, पोटावर नाण्यांचा पट्टा वगैरे. टाळ्या वाजल्या. दोन, आमच्या गारदीतला नांदेडकडचा एक चाऊस जवान म्हणाला की ढोल आणि दोन डफ मिळाले तर आम्ही चौघं मरफा वाजवतो, वीस मिनिटं. त्यावर एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “ते अरबांचं आहे हो, आपलं नाही. लोक काय म्हणतील?”

खोटा अरब चालतो, खरा चालत नाही. माझं भांडण एवढ्यावरच आहे, पण त्याची मुळं लांब गेली आहेत.

आधी त्या चमचमत्या झालरीचं बघू. ज्याला आपण अरबी नाच समजतो तो पोशाख विसाव्या शतकातला, कैरोच्या नाचघरांतला. बदिया मसाबनी नावाच्या बाईने 1926 मध्ये कैरोत नाचगाण्याचं थिएटर काढलं. तहिया करिओका, सामिया गमाल या पुढे सिनेमात गाजलेल्या नर्तकी तिच्याच तालमीतल्या. गिऱ्हाइकांत परदेशी बरेच. त्यांना पूर्वेकडची बाई जशी बघायची होती, आणि हॉलिवूडने ती जशी दाखवली होती, तसा तो पोशाख होत गेला. तो नाच वाईट आहे असं मी म्हणत नाही. सामिया गमालचा जुना सिनेमा लावून बघा, त्या बाईच्या अंगात ताल होता. पण तो म्हणजे सगळा अरब मुलूख नव्हे. आपल्या सिनेमातली आयटम लावणी बघून कुणी म्हणालं की मराठी बायका अशाच नाचतात, तर तुम्हाला चालेल का?

त्याच्या आधी इजिप्तमध्ये गवाझी होत्या, रस्त्यात, लग्नात, जत्रेत नाचणाऱ्या. 1834 मध्ये मुहम्मद अली पाशाने त्यांना कैरोतून हाकललं. त्या दक्षिणेला एस्ना, केना, अस्वानकडे गेल्या आणि तिथे नाचत राहिल्या. महाराष्ट्रात 2005 मध्ये डान्सबार बंद केले, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी रद्दच ठरवली. मधल्या आठ वर्षांत त्या बायका कुठे गेल्या हे विचारायला कुणी गेलं नाही. सरकार कुठलंही असो, अब्रूची आठवण त्याला नाचणाऱ्या बाईकडे बघूनच येते. हे जाता जाता.

इजिप्तच्या गावात विचाराल तर पुरुषांचा खेळ आहे तहतीब. हातात लांब काठी, समोर दुसरा, आणि बाजूला ढोल आणि मिझमार, म्हणजे आपल्या सनईच्या जातीचं वाद्य. वार करायचा पण लागू द्यायचा नाही. पिरॅमिडांच्या काळातल्या कोरीव चित्रांत काठीची ही झुंज दिसते. 2016 मध्ये युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. सुएझ कालव्याच्या काठी सिमसिमिया नावाचं तारांचं छोटं वाद्य आहे. 1956 ला कालव्यावर हल्ला झाला तेव्हा आणि 1967 च्या पराभवानंतर त्यावर लोकांनी लढ्याची गाणी म्हटली. 2024 मध्ये तेही त्या यादीत आलं. अमिरात आणि ओमानमध्ये अयाला आहे: माणसांच्या दोन रांगा समोरासमोर, हातात वेताच्या काठ्या, मध्ये ढोल. भाला पेलून पुढे सरकणाऱ्या तुकडीचीच नक्कल ती. आम्ही ड्रिल स्क्वेअरवर जे करतो त्याच्यापासून ते फार लांब नाही.

म्हणजे या मुलखांतलं कितीतरी नाचगाणं शिपायाचं आहे. आणि शिपायाचं असल्यामुळेच ते आपल्याकडे आलं.

येमेनच्या हद्रमौत भागातले अरब अठराव्या शतकाच्या शेवटापासून दख्खनच्या फौजांत चाकरीला होते. कुणाच्या फौजांत? फक्त निजामाच्या नव्हे. पेशव्यांच्या, बडोद्याच्या गायकवाडांच्या, नागपूरच्या भोसल्यांच्या. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, 16 डिसेंबरला नागपूरजवळ भोसल्यांची फौज मोडली. त्यानंतरही नागपूर शहर कोणी धरून ठेवलं? अरबांनी. 24 डिसेंबरला इंग्रजांनी हल्ला चढवला तो त्यांनी परतवला, आणि 30 तारखेला अटी ठरवून ते बाहेर पडले. ज्या जबलपुरात बसून मी हे लिहितोय ते भोसल्यांच्याच ताब्यात होतं आणि त्याच डिसेंबरात गेलं. पुढच्या वर्षी, 1818 च्या मे-जूनमध्ये, पेशवाई बुडाल्यावर मालेगावचा किल्ला इंग्रजांशी महिनाभर कोण लढवत होतं? पुन्हा अरबच. मराठ्यांच्या शेवटच्या लढायांपैकी दोन ज्यांनी लढल्या, त्यांचा ढोल दोनशे वर्षांनी ‘आपला नाही’.

मराठी दौलती बुडाल्यावर यातले बरेच हैदराबादला गेले. निजामाच्या अरब फौजेची वस्ती ती बारकस, म्हणजे आपल्या ‘बॅरेक्स’चाच अपभ्रंश. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात, म्हणून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडात चाऊस घरं आहेत. ‘चाऊस’ हा शब्द तुर्की ‘चावुश’वरून आला, अर्थ साधारण सार्जंट, आपला हवालदार. ज्याचं आडनावच हवालदार आहे त्याला फौजी कार्यक्रमात वाजवायला परवानगी मागावी लागते.

मरफा म्हणजे मुळात वाद्याचं नाव, वाडग्याच्या आकाराचा नगारा. बरोबर ढोल, डफ, लाकडी थापी. अरबांबरोबर हैदराबादच्या आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्समधल्या सिद्दींनीही तो वाढवला, म्हणून त्याच्या तालात आफ्रिकाही आहे. सूर जवळजवळ नाहीच, सगळा ताल. सावकाश सुरू होतो आणि चढत जातो. पुरुष तलवारी किंवा काठ्या घेऊन नाचतात. त्यातला ‘तीन मार’ हा ठेका हैदराबादेत इतका भिनला की आज तेलुगू लग्नात, बोनालूत, गणपतीच्या मिरवणुकीत तो वाजतो आणि वाजवणाऱ्याला तो कुठून आला हे ठाऊकही नसतं. तिथे गणपतीला तो चालतो. इथे आमच्या मराठी मंडळींना नाही.

आता ‘आपलं’ म्हणजे काय ते बघू. शिवाजी महाराजांचा पोवाडा गाणारा तो शाहीर. शब्द अरबी, ‘शाइर’. त्याच्या हातात डफ, तोही अरबीतला ‘दफ’. देवळातला नगारा, अरबी ‘नक्कारा’. नौबत, अरबी. तमाशा, अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे. लेझीम फारसी. फौज अरबी, हवालदार अरबी-फारसी, आणि ज्या सुभेदार साहेबांना आम्ही सलाम ठोकतो तेही तसेच. हे सगळं काढून टाका आणि मग शिवजयंतीची मिरवणूक काढून दाखवा. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे मला माहीत आहे. शाहिराचा डफ मात्र वाजतच राहिला.

बैठकीनंतर चहाला एकाने खरा मुद्दा काढला, तो टाळणार नाही. तो म्हणाला, “तुम्ही मराठवाड्याचे, निजामाच्या अरबांनी काय केलं तुम्हाला सांगायला हवं का?” नको. अरब जमादार सावकारी करत, वसुलीसाठी माणसं कोंडून ठेवत. आमच्या घरात आजी पोरांना गप्प करायला ‘अरब आला’ म्हणायची, आणि ती भीती हवेतून आलेली नव्हती. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबादवर पोलिस कारवाई झाली तेव्हा आमच्या गावात साखर वाटली होती असं वडील सांगत. ते सगळं खरं. पण सावकारी केली जमादारांनी, ढोलाने नाही. आणि कारवाईनंतर निजामाची फौज मोडली तेव्हा साधा अरब शिपाई रस्त्यावर आला. काहींना जहाजात घालून परत पाठवलं. जे राहिले त्यांनी टांगे हाकले, फळं विकली, पंक्चरं काढली. त्यांचा पणतू आज माझ्याबरोबर रात्री दोन ते चारची ड्यूटी करतो. त्याच्या हातात बंदूक दिलेली चालते, दारूगोळ्याच्या कारखान्याची राखण त्याच्यावर सोपवलेली चालते. डफ दिला की तो परका होतो?

‘भाडोत्री होते’ असंही एक जण म्हणाला. होते. पगारावर लढत होते. मी कशावर लढलो? महिन्याच्या एक तारखेला मीही खात्यात पैसे आले का ते बघतो. भोसल्यांच्या बऱ्याच सरदारांनी घरी जाऊन दारं लावली तेव्हा हे भाडोत्री शहराच्या तटावर होते.

राहिला मुद्दा ‘फार आवाज होतो’. हा आक्षेप त्या लोकांचा, ज्यांच्या मिरवणुकीत ट्रकभर स्पीकरची भिंत चालते आणि घराच्या काचा थरथरतात. मरफ्याला वीज लागत नाही. चार माणसं, चार वाद्यं, दमली की थांबतात. डीजेवाला दमत नाही, हीच त्याची खोट. आणि मरफेवाल्यांचं पोट मारलं तेही त्यानेच. चाऊस जवान सांगत होता की त्यांच्या मोहल्ल्यात आता लग्नातसुद्धा रेकॉर्ड केलेला मरफा स्पीकरवर लावतात. जुने वाजवणारे घरी बसलेत, पोरांना हात शिकवायला कुणी नाही. आणखी वीस वर्षांनी मराठवाड्यातल्या मरफ्यावर कुणाला प्रबंध लिहायचा असेल तर त्याला मोबाईलवरच्या फाटक्या रेकॉर्डिंगवर भागवावं लागेल.

तेव्हा मराठवाड्यातल्या वाचकांना, विशेषतः नांदेड, परभणी, जालन्याच्या, एक काम सांगतो. लोककला महोत्सव भरवता, गणेशोत्सवात स्पर्धा ठेवता, विद्यापीठांच्या युवक महोत्सवात लोकवाद्यांचा प्रकार असतो. तिथे एका मरफा पथकाला बोलवा. म्हाताऱ्या वाजवणाऱ्याला स्टेजवर खुर्ची द्या, त्याचं नाव पत्रिकेत छापा, ठेक्यांची नावं त्याच्याकडून लिहून घ्या. बिदागी मात्र ‘कलेची सेवा’ म्हणून नारळावर भागवू नका. आणि तिचा आकडा ठरवताना डीजेवाल्याला किती मोजता तेही त्याच कागदावर शेजारी लिहा.