इशारा वस्तीपर्यंत पोहोचतो का?

पावसाळ्यात येत्या आठवड्याच्या हवामानाचा अंदाज सर्वत्र छापून येतो. कोकणाला लाल वा नारंगी इशारा, मराठवाडा-विदर्भाला विजांसह पावसाचा. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या लेखी ‘अत्यंत मुसळधार’. पण दरडीखाली किंवा नाल्याकाठी राहणाऱ्याला हा आकडा काय कामाचा? आज रात्री मुलाबाळांना घेऊन कुठे जायचे, हे त्याला कोण सांगणार? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड कोसळली, ती माणसे झोपेत असताना.

घाट चढून मराठवाडा-विदर्भात गेले की धोका बदलतो. तिथे वीज पडते आणि उघड्या शेतात असतो तो मजूर. वीज कडाडू लागताच काम थांबले पाहिजे, मजुरी मात्र कापली जाता कामा नये.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाची धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली आहे. त्याच कायद्याचे कलम ६१ मदत आणि भरपाई देताना जात, धर्म, लिंग, समाज वा वंशावरून भेदभाव करण्यास मनाई करते. तेव्हा गावाच्या निवाऱ्यात आमच्या माणसांना दाराबाहेर बसवले, तर तो गावचा रिवाज नव्हे, कायद्याचा भंग आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनो, पाण्याची वाट पाहू नका. या आठवड्यातच तहसीलदारांना लेखी विचारा : आमच्या वस्तीचा निवारा कोणता, इशारा कोण देणार, वाहन कुठून येणार? आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.