स्लॅबखालच्या रात्री

गोव्याहून चोर्ल्याचा घाट चढून बेळगाव गाठावे आणि दक्षिणेस वळावे, की राजहंसगडाच्या पायथ्याशी येळ्ळूर लागते. भातशेतीच्या या गावात जे घडत आहे तेच गोमंतकातही घडत आहे. कौलारू घरे उतरत आहेत व त्यांच्या जागी स्लॅब पडत आहेत. गळती थांबली, वानरांनी कौले फोडण्याची कटकट मिटली, वर मजला चढविण्याची सोय झाली. लोकांनी हे केवळ हौसेखातर केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु चैत्र-वैशाखात रात्री दहा वाजले तरी छत तापलेलेच असते, आणि घरातील वृद्ध व तान्ही मुले त्याखाली तळमळतात. यावर उपाय काय, असे घरमालक विचारतो खरा, पण स्लॅब ओतून झाल्यावर!

१८६५ साली बाझेल मिशनने मंगळुरात जिचा कारखाना काढला, ती कौले पातळ. ती तापली तरी लवकर निवतात, फटींतून ऊन हवा निसटते आणि खाली माळा आडवा येतो. काँक्रीट मात्र दिवसभर उष्णता साठविते व रात्री खोलीत सोडते.

आतून थर्मोकोल लावावा काय, हा नेहमीचा प्रश्न. काँक्रीटच्या मानाने थर्मोकोलमधून फारच थोडी उष्णता जाते, हे खरे. पण उष्णता अडविणारा थर छताच्या वर हवा. तो आत लावला तर स्लॅब तापतच राहतो, प्रसरण-आकुंचनाने त्याला भेगा पडतात. शिवाय चुलीवर थर्मोकोल म्हणजे आगीला निमंत्रण. वर थर घालताना पाणी न शिरेल अशी तजवीज हवी, कारण भिजलेला थर कामाचा नाही. एवढा खर्च न झेपणाऱ्याने फाल्गुनात गच्चीला पांढरा चुना द्यावा. आपल्याकडच्या पावसात तो धुपतो, शेवाळाने गच्ची काळी पडते, म्हणून दरवर्षी द्यावा. पत्रा घालायचाच तर त्याखाली वारा खेळता ठेवावा.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. केंद्राने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इको-निवास संहितेत छतातून शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली होती. पण ती ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांपुरती. येळ्ळूरच्या गल्लीतले घर त्या हिशेबातच नव्हते! तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आखताना सरकारी घरकुलांचाही विचार केला. कर्नाटक व गोवा सरकारांनी निदान घरकुलाच्या अंदाजपत्रकात छतावरच्या थराचा खर्च धरावा, आणि पंचायतीने बांधकामाचा परवाना देतानाच, म्हणजे स्लॅब पडण्यापूर्वी, मालकाला ही माहिती मराठीतून द्यावी.